पाण्यावर होणारं पिठलं

बेसन भाजायला घेतलं की देवीदासला दुसरं काही सुचत नसे. तशी आखातातल्या अबू हमूरच्या त्या एका खोलीत त्याला हाक मारायला होतं तरी कोण म्हणा! बायको वल्लरी लेकीच्या शाळेपायी कधीच नाशिकला परतली होती.

कंपनीतल्या मंडळींनी वाळवंटातल्या पत्र्याच्या केबिनवर मुक्कामाला जायचं ठरवलं होतं. स्टेडियमचं काम उरकत आलेलं, वर्ल्ड कप तोंडावर. उन्हाळा लागला की सगळे कुठे कुठे पांगणार. सगळं जमवून आणणाऱ्या रत्नागिरीच्या जहूरभाईंनी बजावलं होतं, गाड्या वाळूत रुततात, सामान हलकं आणा.

हलकं म्हणजे किती हलकं! देवीदासनं खमंग भाजलेल्या बेसनात तिखट, मीठ, आमचूर आणि कुरकुरीत तळलेला कांदा-लसूण मिसळला. फोडणी घालून रवा भाजला. दोन्हीत उकळतं पाणी ओतलं की झालं जेवण. सोबत मेतकुटाची पुडी. सगळं मिळून एका पिशवीत मावलं, पण होतं मात्र सगळ्या टोळीला पुरेल एवढं. बघा तर खरं, स्वारी मनात मांडे खात होती! या खेपेला सगळ्यांच्या मांडीला मांडी लावून जेवायचं, बस्स.

त्याला कारण होतं. नवा नवा आला तेव्हा कॅन्टीनमध्ये भाजीच्या पातेल्यात मटणाचा डाव पाहून यानं असा काही थयथयाट केला होता, की तेव्हापासून सारे त्याला जपायचे. इतके जपायचे, की जेवताना त्याच्याजवळ कोणी बसतच नसे. आता कॅन्टीनमधलं ते रिकामं टेबल त्याला खायला उठायचं. पण आपणच घातलेला घोळ, सांगणार कोणाला?

केबिनवर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि वारा झोंबत होता. जहूरभाई उत्साहानं त्याला केबिनच्या मागच्या बाजूला घेऊन गेले.

"देवीदासभाऊ, हे तुमचं वेगळं मांडलंय. शेगडी नवी, पातेलं कोरं. मटणाचा धूरसुद्धा इकडे यायचा नाही."

आता एवढं प्रेमानं केलेलं मोडायचं तरी कसं? "कशाला एवढा त्रास घेतलात," एवढंच तो पुटपुटला.

पिठलं मात्र झकास जमलं. पलीकडे शेकोटीभोवती हशा उसळत होता. देवीदासनं मनाचा हिय्या केला, पातेलं उचललं आणि केबिनला वळसा घालून थेट शेकोटीपाशी गेला.

हशा तिथल्या तिथे थांबला. "अरे, झाका, झाका! देवीदासभाऊ आलेत," जहूरभाई म्हणाले. कोणी ताटावर ताट पालथं घातलं, कोणी हाडं पाठीमागे सरकवली. दोघं तर अदबीनं उठून उभे राहिले. तोंडातला घाससुद्धा कोणी चावेना.

'झाकू नका रे, मला बसायचंय तुमच्यात,' हे शब्द देवीदासच्या अगदी ओठांवर आले होते.

"मीठ... मीठ आणायला विसरलो," तो म्हणाला आणि पातेलं घेऊन मागे फिरला.

थोड्या वेळानं जहूरभाई आले. हातात मिठाचं पाकीट. "आमच्या मिठाला मटणाचे हात लागलेत. हे अजून फोडलेलंच नाही, खास तुमच्यासाठी आणलंय."

"बसा ना जरा," देवीदास म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "घासभर खाऊन बघा."

जहूरभाईंनी आपल्या तेलकट बोटांकडे पाहिलं आणि ओशाळून हसले. "छे छे! या हातांनी तुमच्या पातेल्यापाशी? तुम्ही निवांत जेवा." आणि ते गेलेसुद्धा.

टोळीभर माणसांचं पिठलं पातेल्यात घट्ट होत चाललं होतं. कोपऱ्यावरून कोणीतरी, सगळं ठीक आहे ना, म्हणून डोकावलं. देवीदासनं घाईघाईनं पाकीट फोडलं, आधीच मीठ बरोबर असलेल्या त्या पिठल्याच्या घासावर आणखी चिमूटभर मीठ टाकलं आणि खारट झालेला तो घास, छान झालंय अशी मान हलवत, गिळला.