भूक लागली होती म्हणून

जव उगवू नयेत असं वाटणारी बाई ग्रीसमधल्या अख्ख्या एल्युसिस गावात एकच होती, मेलिता. आणि हे ती कुणाजवळ बोलूही शकत नव्हती.

बोलणार तरी कोणत्या तोंडानं? पेरणी होऊन चार महिने उलटले, तरी रानात हिरवं पातं नव्हतं. बी मातीत गेलं ते गेलंच. लोक रानकांदे उकरून, पाला उकडून खात होते. तरीही मेलिताला आतून कुठंतरी बरं वाटायचं, कारण या दुष्काळामुळंच तिची मिक्का घरी परत आली होती.

मिक्काचं लग्न तिच्या बापानं, स्त्रातोननं, पेरणीच्या आधी शेजारच्या मेगारा गावातल्या हेरोनशी लावून दिलं. पोर चौदा वर्षांची. मेलिताला कुणी विचारलं नाही. आईला विचारायची आमच्यात रीतच नाही. बैल विकायचा तर चार जणांचा सल्ला घेतात, पण ते जाऊ दे.

मेलिता मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. नवरी सासरी पोचली की तिच्या हातात बिहीचं फळ देतात, सफरचंदासारखं पिवळं, घमघमणारं. त्याचा एक घास तिनं खाल्ला की ती त्या घरची झाली, मग तिला कुणी परत आणू शकत नाही. तोवर लग्न अर्धंच. म्हणून लेकीचे केस विंचरता विंचरता मेलिता तिच्या कानाशी लागली.

"फळ तोंडापाशी ने, पण दात लावू नकोस. आज दिवसभर काहीच खाऊ नकोस, इथलंही नको, वाटेतलंही नको. उगाच गडबडीत चूक व्हायची. मी काहीतरी करून तुला घेऊन येईन."

"काहीतरी म्हणजे काय गं, आई?"

ते मेलितालाच ठाऊक नव्हतं.

पुढं मेगाऱ्यातही कणग्या रिकाम्या झाल्या आणि मिक्काच्या सासूनं तिला माहेरी धाडून दिलं. खाणारं एक तोंड तेवढंच कमी. जव आले की घ्यायला येऊ, असा निरोपही दिला. पोर दिवसभर चालत एकटी आली. मेलितानं तिला पाणी दिलं आणि पहिलं हेच विचारलं, "बिही खाल्लीस का?"

"घडा रिकामा दिसतोय," मिक्का म्हणाली. "पाणी आणते."

मेलितानं पुन्हा विचारलं नाही. विचारलं नाही तोवर आशेला जागा होती.

विहिरीवर त्या दिवसांत एक म्हातारी बसलेली असे, काळं वस्त्र डोक्यावरून ओढून. ती धान्याची देवी डिमिटर आहे हे गावाला कळून चुकलं होतं. तिची लेक पर्सेफनी पाताळाच्या राजानं पळवली होती. पळवली कसली, बापानं, देवांचा राजा झ्यूस यानंच ती देऊन टाकली होती, आईला न विचारता. तेव्हापासून म्हातारीनं धान्यावरून मन काढून घेतलं होतं. गावातले सगळे तिच्या पायावर डोकं ठेवून आले, पण काही उपयोग झाला नाही.

एकदा विहिरीवर दुसरं कुणी नाही असं बघून मेलिता तिच्याजवळ टेकली.

"आजी, सांगायला लाज वाटते. पण माझी लेक घरी आहे ती तुमच्या या दुःखामुळंच. जव आले की तिला घेऊन जातील."

म्हातारीनं वर पाहिलं. "अख्खं गाव पीक मागून गेलं. तू निराळीच निघालीस की गं."

"मी काही मागत नाही."

"बरं करतेस. माझ्याजवळ द्यायला काही नाही."

पण भूक काही मेलिताची बाजू घेणार नव्हती. महिन्याभरात मिक्का अंथरुणाला खिळली. तिचे हात चिपाडासारखे झाले. ती पडल्या पडल्या भाकरीबद्दल बोलायची, आणि ते ऐकून स्त्रातोन उठून बाहेर जायचा. मेलितानं चार दिवस हे पाहिलं आणि पाचव्या दिवशी विहिरीकडे धाव घेतली.

"उगवू द्या, आजी. नेतील तर नेऊ देत. नुसती जिवंत राहू दे."

"मलाही कळतं सगळं," म्हातारी म्हणाली. "रोज माती हातात घेते. पण पोरीचं तोंड आठवतं आणि हात गळून जातात. मी तरी काय करू?"

मेलिता तशीच परत आली. देवीच असं म्हणायला लागल्यावर माणसानं कुणाच्या दारात जावं?

आणि मग, मिक्काचा श्वाससुद्धा जेमतेम ऐकू येत होता तेव्हा, जग उपाशी मरतंय हे बघून झ्यूसनं सोडवलेली पर्सेफनी गावाबाहेरच्या गुहेतून वर आली. बायकांनी घडे होते तिथं टाकले. म्हातारी त्या वयात अशी धावली की डोक्यावरचं वस्त्र वाटेतच पडलं. तिनं लेकीला छातीशी धरलं, आणि मग एकाएकी तिला दूर करून तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"तिथं काही खाल्लंस का?"

"डाळिंबाचे चार दाणे," पोर म्हणाली. "भूक लागली होती म्हणून."

म्हातारी खाली मातीत बसली. तिथलं अन्न पोटात गेलं की तिथलं व्हावं लागतं, हा नियम देवांनाही सुटत नाही. लेक वर्षातले चार महिने खाली जाणार आणि तेवढे महिने रान उजाड राहणार असं ठरलं. आजही ते तसंच चाललंय. पण त्या दिवशी लेक जवळ होती, आणि संध्याकाळपर्यंत शेतं हिरवी झाली. दोन दिवसांत जवाला ओंब्या धरल्या.

मेलितानं पहिल्या ओंब्या खुडल्या, दाणे वाटून त्यांचं दूध मिक्काच्या ओठांना लावलं. पोरीनं डोळे उघडल्यावर तिनं पुन्हा बिहीचं विचारलं. आता न विचारून चालणार नव्हतं.

"सगळी खाल्ली," मिक्का म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नव्हतं ना. तूच म्हणाली होतीस, काही खाऊ नकोस. फळाचा वास आला आणि मला राहवलंच नाही. रागावलीस?"

मेलिता रागावली होती, पण लेकीवर नाही. चांगली पोटभर जेवू घालून पाठवली असती तर पोर तेवढा एक घास टाळू शकली असती. हे तिचं तिलाच कळलं आणि ते सांगायला जगात कुणी नव्हतं. ती पुन्हा विहिरीवर गेली. म्हातारी आता म्हातारी दिसत नव्हती. लेकीचं डोकं मांडीवर घेऊन ती तिचे केस सोडवत होती.

"माझ्या पोरीलाही आठ महिने मिळवून द्या," मेलिता म्हणाली.

"बापानं दिलेली, तिथलं खाल्लेली मुलगी परत आणता येत नाही, बाई. सगळं जग उपाशी ठेवून मलासुद्धा पुरती आणता आली नाही. तू काय उपाशी ठेवणार?"

त्यानंतर चौथ्या दिवशी हेरोन आला, पाठीवर जवाच्या पिठाचं गाठोडं घेऊन. पोरगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. मिक्काला बघून त्याचं तोंड उतरलं.

"चालण्यासारखी झाली की नेतो, सासूबाई," तो म्हणाला. "घाई नाही. तोवर अंगणात पडून राहीन."

"घरात या, जावईबापू," मेलिता म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

ती रोज पेज शिजवू लागली. दुसऱ्या दिवशी मिक्का उठून बसली, चौथ्या दिवशी भिंत धरून दारापर्यंत आली. हेरोननं अंगणातून तिच्याकडं पाहून हात हलवला आणि ती हसली. त्या दुपारी मेलितानं पेजेत घालायला पाण्याचा तांब्या उचलला. पेज पातळ झाली की अंगात ताकद हळू येईल, आणखी आठ-दहा दिवस मिळतील. तांब्या हातात धरून ती बराच वेळ चुलीपाशी उभी होती.

"आई, अजून आहे का?" मिक्कानं विचारलं. "भूक लागलीय."

मेलितानं तांब्या खाली ठेवला, मडकं तळापर्यंत खरवडलं आणि सगळी घट्ट पेज तिला वाढली.