वलांडीवरच्या कॅसेटी

हिरामणच्या त्या जुन्या पत्राला गुणाजीने उत्तर दिलंच नव्हतं. जहाजाच्या इंजिनावर काम करणाऱ्या या मित्राने त्यात एवढंच मागितलं होतं : ‘गुण्या, आपल्या त्या येड्या गान्यांची एक कॅसेट भरून धाड. कुठल्यामागं कुठलं, ते तूच ठरव. आन् मधी मधी बोल. हितं मराठी कानावर पडत न्हाय.’

गाणी ऐंशीच्या दशकातली, इंग्रजी रॉक. हिरामणनेच परदेशी बंदरांतून आणलेली. फुगवलेल्या केसांचे गायक प्रेमभंगाने असे टाहो फोडत, जणू भर दर्यात होडी फुटलीय. मग ढोल गडगडत आणि शेवटचं कडवं एकदम वरच्या पट्टीत उडी मारी. मुरुडच्या वाचनालयात उभी हयात गेलेल्या गुणाजीला ती जिवापाड आवडत आणि त्याची लाजही वाटे. त्यात स्वतःचा चिरका आवाज! पत्र राहिलं ते वर्षानुवर्षं राहिलंच.

परवा किहीमहून हिरामणच्या लेकीचा, मनालीचा, फोन आला. “काका, झटका आल्यापासून बाबांची वाचा गेलीय. ऐकू येतं सगळं. तो जुना टेपरेकॉर्डर मात्र टाकू देत नाहीत.”

गुणाजीच्या अंगात वारं शिरलं. माळ्यावरच्या कॅसेटी खाली आल्या. त्यांना पांढरी बुरशी धरली होती. आपला दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर दुरुस्त करून तो घरी परतला, तर अंगणात बोंबील सुकवायच्या वलांडीवर, बोंबलांच्या रांगेतच, कॅसेटी दोरीने टांगलेल्या. उन्हाने वाकड्या झालेल्या.

“सगुणा! काय केलंस गो?” तो बायकोवर ओरडला.

“बुरशीला ऊन नको दाखवाया? पापडाला दाखवते, गादीला दाखवते. यांना काय सोनं लागलंय?”

“वाकल्या ना गो सगळ्या!”

सगुणाने एक उचलून निरखली. “डबा वाकलाय. आतली फीत धड हाय.” ती घरात गेली आणि आपल्या हळदीच्या गाण्यांच्या कॅसेटी पदरात घेऊन आली. “ह्यांचे डबे घ्या. माझी गानी मला तोंडपाठ हायत.”

पडवीत पेचकस चालला. फिती त्या डब्यांत गेल्या आणि एकेक गाणं कोऱ्या कॅसेटवर भरलं जाऊ लागलं. गुणाजी लहान पोरासारखा नाचत होता. “आधी हे रडकं, मग त्याहून रडकं, मग एकदम ढोल!”

“ह्यो बाप्या येवढा का बोंबलतोय? बायको पलाली त्याची?”

“व्हय. दर गाण्यात पळते.”

सगुणा पोट धरून हसली. पण मग बोलायची वेळ आली. गुणाजीने बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं.

“माझा आवाज कोण ऐकेल गो?”

“त्याला बोलता येत न्हाय म्हनून तो गप. तुमाला काय झालं?”

त्याने बटण दाबलं. “हिरामण, मी गुण्या. हे पुढचं गाणं मला लई आवडतं. कोणाला सांगितलं नव्हतं...” इतक्यात बोका वलांडीवर झेपावला आणि सगुणा “हाड् मेल्या!” म्हणून ओरडली. तेही फितीत उतरलं. गुणाजीने पुसलं नाही.

पोस्टात काउंटरवरच्या शिवानीने पार्सल काट्यावर ठेवलं. “आजोबा, आत काय आहे?”

“पत्राचं उत्तर.”

तिने शिक्का मारला आणि पार्सल मागच्या पोत्यात टाकलं. गुणाजीची बोटं काउंटरवर त्या आवडत्या गाण्याचा ढोल वाजवू लागली. रांगेतली माणसं वळून बघत होती. त्याने हात मागे घेतला नाही. शेवटचा ढोल वाजेपर्यंत तो वाजवत राहिला.