पाठीमागे बघणारे डोळे

पेणला आमचा गणपतींचा लहानसा कारखाना आहे. शाडू मळणं आणि साचे भरणं माझ्याकडे, डोळ्यांची आखणी माझ्या पुतण्याकडे, जितेशकडे. आमच्या घराची एक रीत होती. हंगामातल्या पहिल्या मूर्तीसमोर घरातलं लहान मूल पाटावर बसवायचं. जितेश आधी त्याच्या डोळ्यांत बघायचा, मग कुंचला उचलायचा. मूर्तीची नजर मिळाली की मूल आपसूक हसतं. नाही हसलं तर डोळे पुसून पुन्हा आखायचे.

नव्याण्णव साली जितेशने कॉम्प्युटर घेतला. मूर्तींचे फोटो परदेशी पाठवायचे म्हणून. त्याला फोनची तार जोडली की इंटरनेट सुरू व्हायचं. थोडे दिवस फोटो गेले. मग कधी न बघितलेल्या लोकांशी गप्पा सुरू झाल्या, आणि त्या संपेनात.

"हाक मारली की 'व्हय, आलो' म्हणतात," त्याची बायको नम्रता मला सांगायची. "ताट तसंच पडून. विचारलं तर म्हणतात, जेवलो की."

"भूक लागली की येल गो."

"भूकच लागत नाय, दाजीकाका."

त्या हंगामात रीत झालीच नाही. जितेश सकाळी येऊन भराभर डोळे आखायचा आणि घरी पळायचा.

एक दिवस आमचं गिऱ्हाईक, नागोठण्याचा काळुराम, त्याने सांगून ठेवलेली मूर्ती बघायला आला. बराच वेळ तिच्यासमोर उभा राहिला, मग वळून दाराकडे बघू लागला.

"कोन आलंय का?"

"नाय. का रे?"

"ह्यो माझ्या मागं कोनाकडं तरी बघतोय." तो हसला. "आमच्याकडं बसवला तर आमच्याकडं बघंल ना, दाजी? का शेजाऱ्याकडंच?"

तो गेल्यावर मी मूर्तींच्या फळीसमोर उभा राहिलो. डोळे सुबक होते, पण नजर माझ्या खांद्यावरून मागे जात होती. मी बाजूला सरकलो. खाली बसलो. प्रत्येक मूर्ती माझ्या पाठीमागेच बघत होती. भर दुपार होती, रस्त्यावर वर्दळ होती, तरी मानेला गार वाटलं.

मी जितेशच्या मुलीला, चार वर्षांच्या प्रणिताला आणून पाटावर बसवलं. ती हसली नाही. हळूच मान वळवून तिने मागे बघितलं.

"आजोबा, मागं कोन हाय?"

"कोन नाय."

"पप्पा पन त्याच्याकडंच बघतात."

मी तसाच जितेशच्या खोलीत गेलो. खिडक्या बंद, तोंडावर कॉम्प्युटरच्या पडद्याचा उजेड. मी पडद्याच्या आड येऊन उभा राहिलो तेव्हा त्याने वर बघितलं. डोळे माझ्याकडे वळले होते, तरी मला मागे वळून बघावंसं वाटलं. मागे भिंत होती.

"नम्रतानं बॅग भरलीय," मी म्हणालो. "पोरीला घेऊन रोह्याला चाललीय. आधी पोरीला समोर घेऊन एक मूर्ती आख."

पोरीचं नाव निघाल्यावर तो उठला. कारखान्यात येऊन त्याने एका मूर्तीचे डोळे पुसले आणि प्रणिताला समोर घेतलं. अगदी जवळ तोंड नेऊन तिच्याकडे बघितलं. तिने मान वळवली.

"अगो, मी तुझ्याकडंच बघतोय."

"नाय," ती म्हणाली.

जितेश बसून राहिला. कुंचल्यावरचा रंग सुकून गेला.

दुसऱ्या दिवशी नम्रता मुलीला घेऊन माहेरी गेली, रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमी गावाला. त्याच संध्याकाळी जितेशने स्वतःच्या हाताने ती तार उपटली. कॉम्प्युटर पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. त्या वर्षीची उरलेली आखणी दुसऱ्या कारागिराने केली.

विसर्जनानंतर आम्ही दोघं त्यांना आणायला निघालो. जितेश दाढी करून, नवा शर्ट घालून आला होता. अष्टमीला नम्रताच्या माहेरच्या ओटीवर बसलो. नम्रता दारातच थांबली.

"काका, मी काय बोलत नाय," ती म्हणाली. "पोरगी वळखते का बघू. वळखलं तर आजच येते."

प्रणिता पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. जितेश पुढे वाकला, दोन्ही हात पसरले. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत थोडा वेळ उभी राहिली. मग ती पाठ फिरवून दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली. पाहुण्याला देतात तसा दोन्ही हातांनी पेला खुर्चीवर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली.

नम्रताने तिला उचलून घेतलं. त्या खुर्चीला लांबून वळसा घालून ती आत गेली आणि तिने कडी लावली.