लाइन थांबवणारा लाल स्विच

मित्रांनो, मी एक जुना लाल स्विच आहे. मुठीएवढा, गोल, कडेला जरा झिजलेला. हसू नका! चाकणच्या एका कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर मी अकरा वर्षं काढली आहेत. मला पुसतानासुद्धा लोक जपून हात लावायचे.

तिथे माझं नाव 'इमर्जन्सी'. मला दाबलं की प्रेस जागच्या जागी थांबायची आणि तिच्यामागे अख्खी लाइन. एकदा माझ्यामुळे एका कामगाराचा हात वाचला, तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! पण एरवी कोणी मला दाबलं की सुपरवायझर धावत यायचा आणि त्या बिचाऱ्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी निघायची. माझ्या प्रेसवर पहिल्या पाळीला सोनबा उभा असायचा. त्याने मला अकरा वर्षांत एकदाही दाबलं नाही. याचा त्याला भारी अभिमान होता.

पुढे प्रेस भंगारात निघाली. मेंटेनन्सच्या जहीरभाईंनी मला तेवढं काढून घेतलं आणि घरी डब्यात टाकलं. तीन वर्षं मी स्क्रूंच्या खाली पडून होतो. कोणी विचारलं नाही.

त्याच काळात सोनबाच्या हातून नट आवळायचे पाने निसटायला लागले. मग पाय लटपटू लागले, जीभ जड झाली. डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार सांगितला. लाखात दोघा-चौघांना होतो म्हणे. स्नायूंना हलवणाऱ्या नसा हळूहळू मरतात, डोकं मात्र शाबूत राहतं. शेवटी सोनबा आपल्या रहाटणीच्या घरात पलंगाला खिळला आणि ताकद उरली ती उजव्या अंगठ्यात.

जहीरभाईंना माझी आठवण झाली. त्यांनी माझी कडक स्प्रिंग काढून मऊ बसवली, स्वयंपाकघरात घंटा लावली आणि मला सोनबाच्या अंगठ्याखाली बांधलं. त्याची बायको रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आता जिवाला घोर न्हाई."

चार दिवस गेले. सोनबाने मला एकदाही दाबलं नाही. मला रागच आला. मला काय शोभेला बसवलंय?

पाचव्या दिवशी दुपारी त्याच्या घशात लाळ अडकली. श्वास घुसमटला, डोळे पांढरे झाले. त्याचा अंगठा माझ्यावरच होता. अरे, दाब की बाबा! पण तो दाबेना. रुक्मिणीबाई सहज डोकावल्या म्हणून बरं. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं, तेव्हा कुठे श्वास आला.

त्या रडत रडतच ओरडल्या, "अहो, अंगठा त्याच्यावरच हाय! मग दाबलं का न्हाई?"

सोनबाला बोलायला फार वेळ लागला. "लाइन... थांबंल."

संध्याकाळी हे ऐकून जहीरभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे यार, चूक माझी! प्रेसवाल्याला लाल स्विच दिला मी. वहिनी, उद्याच हिरवा बसवतो."

म्हणजे माझ्या नशिबी पुन्हा तो डबा!

"राहू द्या, जहीरभाऊ," रुक्मिणीबाई म्हणाल्या. मग पलंगावर बसून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "थांबू द्या लाइन. हितं मीच सुपरवायझर हाय. दाबा."

सोनबाचा अंगठा हळूच खाली आला. घंटा वाजली. समोरच बसलेल्या रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आले." सोनबाला हसू फुटलं. त्याने लगेच पुन्हा दाबलं.

आता तो पाण्यासाठी दाबतो, कूस बदलण्यासाठी दाबतो, नाकावर माशी बसली तरी दाबतो. दोनदा घशात लाळ अडकली, दोन्ही वेळा त्याने दाबलं आणि रुक्मिणीबाई वेळेवर पोचल्या. माझ्यासारख्या भंगारातल्या जिवाला आणखी काय हवं? जहीरभाईंचे आणि या घराचे माझ्यावर फार उपकार आहेत.

अंगठा मात्र रोज थोडा हलका होतोय. उद्या पापणीच्या उघडझापीवर चालणारं यंत्र लागेल आणि मी बाजूला होईन. त्याचं मला दुःख नाही. पण मित्रांनो, मी काय किंवा ते यंत्र काय, आम्ही नुसते वाजतो. पाणी पाजायला, कूस बदलायला माणूसच लागतो. म्हणून घंटा वाजली की आधी जा. काय हवंय ते मग विचारा.