दीड लिटरचं माप

"कपाटावरचा हात काढा आधी," बायको म्हणाली.

काटेसाहेबांनी हात काढला आणि वजनकाट्यावरचा आकडा टुणकन वर उडाला.

"काटा खोटा आहे," ते म्हणाले.

हे बोलणारे गृहस्थ वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. पारड्याखाली चुंबक लावणारे भलेभले दुकानदार त्यांनी पकडले होते. काटेसाहेब हे नावही बाजारानेच ठेवलेलं. आता त्यांचं हृदय थकलं होतं, अंगात पाणी साठत होतं. दिवसाला दीड लिटर, तेही चहा-दूध धरून, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज सकाळी वजन करायचं आणि एकदम वाढलं तर लगेच कळवायचं.

"परवापेक्षा दोन किलो जास्त. काय प्यालात?"

"प्यालो काहीच नाही. कलिंगड खाल्लं."

"किती?"

"एक."

"एक फोड?"

"एक कलिंगड."

बायकोने कपाळावर हात मारला आणि दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि कलिंगडही पाण्यातच धरायचं, असा निकाल दिला. काटेसाहेबांना तो अन्याय वाटला. पण दोन पावलं चाललं तरी धाप लागत होती, तेव्हा भांडणार कशाच्या जोरावर?

दुपारी जीभ टाळूला चिकटली. बर्फाचा एखादा खडा मिळतो का बघावं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. दाराआड, भिंतीकडे तोंड करून बायको घटाघटा पाणी पीत होती. चाहूल लागताच तिने पेला पाठीमागे लपवला.

"हे कधीपासून चाललंय?" त्यांनी खात्यातल्या आवाजात विचारलं.

"तुमचं पाणी मोजायला लागले तेव्हापासून." ती खाली बघत म्हणाली, "तुमच्यासमोर घशाखाली उतरत नाही हो."

आजवर चोरी पकडली की त्यांना चार घास जास्त जायचे. आज मात्र ते मुकाट्याने खुर्चीवर बसले. मग समोरची खुर्ची पायाने सरकवत म्हणाले, "बस इथं. पेला भरून घे. काठोकाठ."

"अहो, नको."

"लपूनछपून प्यायचं नाही. माझ्यासमोर पी."

ती बसली. पहिला घोट तिने कसाबसा घेतला.

"गार आहे?"

"आहे."

"मग सावकाश पी."

ती पीत राहिली. तिच्या प्रत्येक घोटाबरोबर त्यांचाही कोरडा घसा हलत होता.