अबोल्यात भरलेलं इंजिन

मी क्रँकशाफ्ट बोलतोय. बोलतोय कसला, चरफडतोय! गॅरेजच्या मागच्या भिंतीशी, गंजलेल्या सायलेन्सरच्या शेजारी मला टाकलंय आणि वर शिक्का मारलाय, 'खराब'. मी खराब? अहो, आधी ऐकून तर घ्या.

इंजिनाच्या पोटात, अगदी तळाशी मी असतो. पिस्टन नुसते खाली-वर उड्या मारतात. त्या उड्यांचं गोल फिरणं मी करतो, म्हणून चाकं फिरतात. नाव मात्र इंजिनाचं होतं. असो. तापलेलं पोलाद ठोकून मला घडवलं, घासून लख्ख केलं आणि एका व्हॅनमध्ये बसवलं. तेव्हापासून मी इमानानं फिरलो. व्हॅन ताईची. ती शाळेची मुलं ने-आण करते, घरात कमावती ती एकटीच.

एक दिवस माझ्या बाजूनं ठकठक आवाज यायला लागला. मी ज्यांच्यावर टेकून फिरतो ती बेरिंगं झिजली होती, माझ्या अंगाला काही झालं नव्हतं. ताईनं व्हॅन थेट आपल्या भावांच्या गॅरेजात आणली. थोरला आणि धाकटा मिळून ते चालवतात. थोरल्यानं इंजिन उतरवलं, उलटं केलं आणि मला बाहेर काढलं. काढलं मात्र झकास, हं! मला धरून ठेवणाऱ्या पाच टोप्या असतात. दिसायला जुळ्या बहिणी, पण प्रत्येकीची जागा ठरलेली. अदलाबदल झाली की माझा गळा आवळलाच म्हणून समजा. थोरल्यानं त्या ओळीनं फळीवर मांडल्या. पण तो डावखुरा, त्याची ओळ उजवीकडून सुरू होते.

आणि त्याच दुपारी भावाभावांचं भांडण झालं. कशावरून? गॅरेजची पाटी रंगवायची होती, तिच्यावर आधी नाव कुणाचं! झालं, अबोला. लहान पोरं परवडली!

काम तर एकाच छपराखाली. मग दोघं माझ्याशी बोलायला लागले.

"शाफ्टा, सांग त्यांना, नवी बेरिंगं आलीत," धाकटा म्हणायचा.

"शाफ्टा, सांग त्याला, मला डोळे आहेत," थोरला गुरगुरायचा.

मी काय यांचा निरोप्या आहे?

शेवटी थोरला हट्टाला पेटला. "ज्याला नाव वर पाहिजे, त्यानंच इंजिन भरावं," असं भिंतीकडे बघत म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. धाकट्यानं भरायला घेतलं. बेरिंगं बसवली, तेल लावलं, मला अलगद ठेवलं. हात चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू? मग त्यानं टोप्या उचलल्या, डावीकडून. अरे, उलटी ओळ आहे ती, विचार की दादाला! टोप्यांवर आकडे कोरलेले असतात, पण काळं तेल पुसून ते बघणार कोण?

थोरला बघत होता. त्याच्या लक्षात आलं. स्टुलावरून अर्धा उठला, तोंड उघडलं, आणि पुन्हा बसला. तिथं माझं टाळकं सटकलं. चुकणाऱ्याला मी माफ करीन. पण डोळ्यांदेखत वाटोळं होत असताना तोंडात मिठाची गुळणी धरून बसणाऱ्याला काय म्हणावं? सख्ख्या बहिणीची गाडी ना रे ती!

टोप्या आवळल्यावर शाफ्ट हातानं सहज फिरायला हवा. मी हलेना. शहाण्यानं तिथंच उघडून बघितलं असतं. धाकट्यानं पान्याला लांब पाइप लावून मला जबरदस्तीनं फिरवलं. "नवी बेरिंगं आहेत, चालून मोकळी होतील," अशी त्यानं स्वतःचीच समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी ताई मुलांना घेऊन निघाली. चढावर बेरिंगं जळाली आणि मी जागच्या जागी जाम झालो. भरलेली व्हॅन मागे घसरायला लागली. ताईनं हँडब्रेक खेचला म्हणून निभावलं. पोरं रडत उतरली. माझ्या अंगावर असे चरे पडले की आता कितीही घासा, जाणार नाहीत.

व्हॅन ओढून आणली, इंजिन उघडलं. ताई कमरेवर हात ठेवून उभी. "कुणी काय केलंय ते मला कळलंच पाहिजे. पोरं होती माझ्या गाडीत!"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. भांडणानंतर पहिल्यांदाच ते एकमेकांशी बोलले.

"दादा, शाफ्टच खराब होता, नाही का?"

"हो रे. मालच हलका. तू तरी काय करणार?"

वा रे वा! चोर सोडून संन्याशाला फाशी!

ताईनं एक टोपी उचलली, ओढणीनं पुसून आकडा वाचला. मग दुसरी. दोन्ही आकडे चुकीच्या जागी. गॅरेजवाल्यांची बहीण ती, तिला सगळं कळलं. मला वाटलं, आता दोघांची चांगली खरडपट्टी निघणार. पण थोरल्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर होता, आणि ती त्या हाताकडेच बघत राहिली.

"असेल बाई. शाफ्टच खराब असेल," ती म्हणाली. "नवा आणा. पण या वेळी मी समोर बसणार. दादा टोपी देईल, तोंडानं आकडा सांगेल. तू तोच आकडा परत म्हणशील आणि मगच बसवशील. मोठ्यानं. मला ऐकू आलं पाहिजे."

आज नवा शाफ्ट बसतोय. मी इथं भंगारवाल्याची वाट बघत पडलोय. भट्टीला मी भीत नाही, आगीतूनच आलोय. पण तिकडून आवाज येतायत ना, ते सोसवत नाहीत.

"एक."

"एक, दादा."

"दोन."

"दोन."

एवढंच बोलायचं होतं रे तुम्हाला. एवढंच!