घराहून थोरली चौकट

मित्रांनो, ज्या घराच्या दारात मी उभी आहे, त्या घराहून मी वयाने बरीच मोठी आहे. हे चमत्कारिक वाटेल. पण त्यात चमत्कार नाही, आणि असता तरी मी त्यावर विश्वास ठेवला नसता.

मी सागाची चौकट. सिंदेवाहीच्या वहाब मिस्त्रींनी मला घडवले. ओले लाकूड पुढे पीळ धरते, म्हणून त्यांनी ते आधी पुरते वाळू दिले. काम संपल्यावर घरमालक बापूजी म्हणाले, "मिस्त्री, माथ्यावर सालबी कोरून द्या. नातवाईले कळाले पाह्यजे." मिस्त्रींनी १९६४ कोरले. बाजूला कोणी न सांगता दोन मोरही कोरले. त्यातल्या एकाची मान आखूड पडली.

ते घर कुडाच्या भिंतींचे होते, वर कवेलू, म्हणजे मातीची कौले. दर उन्हाळ्याच्या अखेरीस कवेलू फेरावे लागतात, म्हणजे सगळे उतरवून, फुटके बदलून, पुन्हा रचावे लागतात. बापूजींनी ते कधी चुकवले नाही. त्यांच्यामागे मुलगा दादाजी आणि सून गुणाबाई यांनी लागोपाठ दोन उन्हाळे चुकवले. पाणी मागच्या भिंतीत मुरले, भिंत खचली आणि श्रावणातल्या एका सकाळी छप्पर खाली बसले. माणसे वाचली. गाव म्हणाले, घराला दृष्ट लागली. दृष्टीला वजन नसते. भिजलेल्या मातीला असते.

आमच्या गावची एक रीत आहे. नव्या जागी सर्वांत आधी जुन्या घराची चौकट उभी करायची, भिंती नंतर. मला धुतले, हळद लावली आणि मोकळ्या जागेत उभे केले. भिंती चढेपर्यंत माणसे वाकून माझ्यातूनच आत जात, जरी चारही बाजू उघड्या होत्या. शेळ्या मात्र बाजूने जात. मग विटा आल्या, लोखंड आले, स्लॅब ओतला गेला. गुणाबाईंनी डोक्यावरून विटा वाहिल्या. ते साल २००८. ते कोणी कुठे कोरले नाही.

पुढे दादाजी वारले. गुणाबाई आल्या-गेल्याला माझा माथा दाखवू लागल्या, "आमच्या बापूजीचं घर हाये. हे पाहा साल." जाणत्यांना खरे ठाऊक होते, पण पडलेल्या घराची गोष्ट त्या घरच्या बाईसमोर काढू नये, एवढे सौजन्य गावात आहे. नंतर लग्न होऊन आलेल्या सुनेला, चंचलला, ते घर साठ वर्षांचेच वाटत आले. माझ्यावर तेलरंगाचे थर चढले, वायरीसाठी खिळे ठोकले गेले. कोणी मला पुसले नाही, पण मिरवले सगळ्यांनी.

यंदा चंचलने धान भरडायची गिरणी टाकायचे ठरवले. कर्जासाठी घर तारण ठेवायचे होते. बँकेने घराचे मूल्य ठरवायला चंद्रपूरहून मदीहा शेख या अभियंता बाईंना पाठवले. त्यांनी माझा माथा वाचला.

"गुणाबाई, घर या सालचं?"

"हो तं! सासऱ्याच्या हातचं. आजकालचे घरं पाच वर्षांत चिरते. हे पाहा, हालते का?"

मदीहाबाई कडेने हिंडल्या, गच्चीवर गेल्या, खाली येऊन पायरीवर बसल्या. "घर जुनं होतं तशी त्याची किंमत उतरते. त्याला आम्ही घसारा म्हणतो. साठ वर्षांचं धरलं, तर कागदावर या घराचं आयुष्य संपत आलं. शिल्लक आयुष्य कर्जाच्या मुदतीएवढंही नसलं, तर बँक हे घर तारण घेणार नाही."

चंचलच्या हातातला चहा तसाच राहिला. "म्हंजे गिरणी नाई?"

"या सालावर तरी नाही."

"आई, तुमीच सांगा न यायले, घर मजबूत हाये म्हणून!"

"मजबूत हाये, असं मी सांगूनच राह्यली न!" गुणाबाई म्हणाल्या. अंगणात शेजारची सीताबाई धान पाखडत होती. तिचे सूप थांबले.

गुणाबाईंनी पदर खोचला. "बापूजीचं घर पडलं, बाई. आमीच पाडलं म्हना. कवेलू फेरले नाई. हे घर मी न् ह्याइनं बांधलं, दोन हजार आठमंदी. बापूजीची फक्त हे चौकट हाये."

चंचल सासूकडे वळली. "मंग इतके दिवस काऊन नाई सांगितलं?"

"सासऱ्याचं घर सांभाळता आलं नाई, हे नव्या सुनेले कोन्ती सासू सांगते?"

सूप पुन्हा सुरू झाले, जरा जोरात.

मदीहाबाईंनी मान हलवली, पण लिहिले काही नाही. "मघाशी तुम्ही साठ वर्षं सांगितली, तेही इतक्याच खात्रीनं. मी दोन्ही तपासते." मला त्या क्षणी त्या आवडल्या. त्यांनी गच्चीच्या जिन्याखाली काँक्रीटचा कोपरा थोडा फोडला, त्यावरची धूळ झटकली आणि बाटलीतले फिनॉल्फथेलिनचे द्रावण शिंपडले. शाळेत अल्क, म्हणजे चुन्यासारखा आम्लारी पदार्थ, ओळखायला वापरतात, तेच. काँक्रीट गर्द गुलाबी झाले. फक्त बाहेरची पातळ कड बिनरंगी राहिली.

"मा वं! हे तं रंगपंचमी!" चंचल म्हणाली.

"हवा बाहेरून काँक्रीटचा अल्क खात आत शिरते, सावकाश. साठ वर्षांत ती याहून बरीच खोल गेली असती. हा काही जन्मदाखला नाही. पण गच्चीवर सोडलेल्या सळ्याही नव्या धाटणीच्या, तिरप्या कंगोऱ्यांच्या आहेत. साठ वर्षांपूर्वी त्या या गावात कुठून येणार? दोन हजार आठ मला पटतं."

"मंग झालं न आमचं!"

"थांब. गच्चीची नाली पानांनी तुंबली आहे. पाणी मागच्या भिंतीत उतरतं, तिथं एक सळई गंजून फुगली आहे. सतरा वर्षांचं हे घर अंगानं तिशीचं झालंय. मी वय तीसच धरणार. कर्जापुरतं आयुष्य तरी उरतं. पण दुरुस्ती करा, अशी अट लिहीन. नाली अशीच राहिली, तर पुढच्या खेपेला मी तीसही धरणार नाही."

मित्रांनो, माझ्या माथ्यावरचे साल खरे आहे. ते फक्त माझे आहे, घराचे नाही. घराचे वय कोरून ठरत नाही आणि अभिमानाने वाढत-घटत नाही. ते ठरते पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि ते कोणी पाहिले का, यावर. तुमच्या घरी मोठी माणसे घराचा इतिहास सांगतील, तो जरूर ऐका. मग गच्चीवर जाऊन नाली पाहा.

मदीहाबाई गेल्यावर चंचल माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, सुताराले, जाहिदभाऊले, बोलावू का? खरं सालबी कोरून घेऊ."

गुणाबाई फावडे घेऊन जिना चढू लागल्या होत्या. "कोराले मंग पाहू. तू घमेलं आन पह्यले."